रीतसर खरेदी

आईचा खोकला. कुकरची शिट्टी. पाढा म्हणताना अडखळणारी लेक. बायकोचं, "किल्ली कुंडीखाली ठेवते हं, बाळा." आईला आत तपासत होते; दवाखान्याच्या बाकावर नवं गाणं शोधताना त्याला हे सगळे आवाज सापडले, तो नेहमी स्वस्तात गाणी घ्यायचा त्या साइटवर विकायला ठेवलेले. "अहो, हे तर आपलंच घर!" शेजारी बसलेली बायको दचकली. "वन्सं सांगत होत्या, एवढ्या स्वस्तात म्हणजे चोरीचाच माल." "चोरी कसली? मी रीतसर पैसे मोजलेत." "मग या घेणाऱ्यानंही मोजलेच की!" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. खोकल्याला गिऱ्हाईक नव्हतं. किल्लीचं वाक्य मात्र सकाळीच कुणीतरी विकत घेतलं होतं. तेवढ्यात शाळेतून परतलेल्या लेकीचा फोन आला. "बाबा, कुंडीखाली किल्ली नाहीये, पण दार उघडंच आहे. तुम्ही लवकर आलात का?" त्या साइटवर खातं उघडताना त्यानं घरचा पत्ता भरला होता आणि मायक्रोफोन वापरायला 'हो' म्हटलं होतं.