गॅसचा वास

"दोघांना हीप्स ऑफ रूम आहे, भरपूर जागा!" चाळीस वर्षं जुन्या कॅराव्हॅनचं, गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घराचं, दार उघडत न्यू लिन उपनगरातला तिचा म्हातारा मालक म्हणाला.

"एकालाच राहायचंय," ऋचा म्हणाली. गंधारने नजर खाली वळवली. नवरा-बायकोचं वेगळं व्हायचं ठरलं होतं आणि कॅराव्हॅन पसंत पडली की तो शनिवारी घर सोडणार होता.

ऋचाने खिडकीखालची फळी अंगठ्याने दाबून पाहिली, गादी उचलून ओल शोधली, छताचा सांधा न् सांधा तपासला. कुठेच खोट निघेना, तसतशी ती आणखी घुश्शात शोधू लागली.

शेवटी ती शेगडीपाशी वाकली आणि थबकली. "गॅसचा वास येतोय."

"मला नाही येत."

"तुला कधी कसला आलाय? नाव गंधार, आणि दूध करपून कोळसा झालं तरी पत्ता नसतो. इथे झोपलास तर सकाळी उठायचा नाहीस. ही नको."

खरंच होतं. जन्मापासून त्याला कसलाच वास येत नव्हता. तो खाली उतरला. कॅराव्हॅनच्या पुढच्या बाजूला शेगडीचा गॅस सिलिंडर ठेवायची चौकट रिकामी होती, आणि तिच्यात कोळ्याने भलंमोठं जाळं विणलं होतं.

"काय बघतोयस?" दारातून ऋचाने विचारलं. तिचा आवाज कापरा झाला होता.



"काही नाही," तो म्हणाला. "वास पार इथपर्यंत येतोय."