कोरडा शर्ट

नवऱ्याने बाहेरून दार हळूच ओढून घेतलं आणि इतका वेळ डोळे मिटून पडलेली बायको ताडकन उठली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच.

बावीस वर्षं शाळेची बस चालवणारा माणूस, पण त्याला उठवायचं म्हणजे रोजची लढाई. तीन हाका, मग पांघरूण ओढायचं, तरी नाही उठला तर पंखा बंद. आणि गेले पंधरा दिवस हाच माणूस गजराच्या आधी उठतो काय, कोमट पाणी पितो काय, पांघरुणाची घडी घालतो काय, बागेत तासभर फिरायला जातो काय! तळलेलं बंद, नऊनंतर टीव्ही बंद, गाजरं मात्र किलोकिलोने. विचारलं की उत्तर तयार. "सोमवारी कंपनीत तपासणी आहे. वजन, रक्तदाब, डोळे, सगळं बघतात. चांगल्या सवयी लावून घेतलेल्या बऱ्या."

घ्या. तपासणी दर वर्षी असते. दर वर्षी हा आदल्या दिवशी पोटभर जेवून, ताणून झोपून जातो.

तिचा धंदा शिवणाचा. लोकांचे कपडे उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात निम्मी हयात गेलेली. माणूस काहीही सांगेल, कपडा खोटं बोलत नाही. तासभर चालून आलेल्या माणसाचा शर्ट पाठीवर ओला हवा, काखेत ओला हवा. याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. त्यात आंघोळ करताना पुटपुटणं सुरू झालं होतं. तिने दाराला कान लावला, तर आत नुसती सुटी अक्षरं, पाढे घोकावेत तशी.

शेवटी तिने थोरल्या बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, "पन्नाशीतला नवरा आपणहून उठायला लागला ना, की समजावं, उठवणारी दुसरी कुणीतरी आहे."

ती हसली खरी, पण आज पहाटे झोपेचं सोंग घेऊन जागी राहिली.

पायात चपला सरकवून ती निघाली. तो बागेकडे वळलाच नाही, बाजाराच्या रस्त्याला लागला. फुटपाथवरून उतरताना आधी पाय चाचपायचा, मग टेकवायचा. चालतोय बघा कसा, चोरासारखा. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने ओळखीचा हात केला तर हा सरळ पुढे निघून गेला. बावीस वर्षांची ओळख, आणि बघून न बघितल्यासारखं केलं! लपवायचं असल्याशिवाय कुणी असं करतं का?

बंद दुकानांच्या रांगेपाशी तो थांबला. ती उभ्या असलेल्या टेम्पोमागे दडली. दुकानांच्या वर एक खिडकी होती, पडदा अर्धा सरकवलेला. तिने खिडकीवर नजर रोखली आणि मनातल्या मनात त्या न दिसलेल्या बाईच्या सात पिढ्या उद्धरल्या.

पण त्याने वर पाहिलंच नाही. तो एका दुकानाच्या काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभा राहिला. मग पावलं मोजत दहा पावलं मागे आला, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि सुरू झाला. "ग, न, ट. र, भ, ल, प. म, क..." तिथे अडला. परत काचेपाशी गेला, पुन्हा नाक लावलं, पुन्हा पावलं मोजत मागे आला.

ते चष्म्याचं दुकान होतं. काचेच्या आत अक्षरांचा तक्ता टांगलेला होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. कंपनीच्या दवाखान्यातही हाच छापील तक्ता होता. तिथला कंपाउंडर वर्षानुवर्षं तो बदलत नाही, हे त्यानेच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

म्हणजे बाई नव्हती. तिला इतकं सुटल्यासारखं वाटलं की ती टेम्पोला टेकून स्वतःशीच हसली. काय वेडी मी, आणि माझ्याहून वेडी माझी बहीण. घोकू दे बिचाऱ्याला. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, नोकरी गेली तर हा माणूस घरात बसून काय करेल?

मग तिला आठवलं, आज शुक्रवार. सव्वासातला बस निघते. बेचाळीस मुलं. पुढच्या दारापाशी ती पहिलीतली जुळी, ज्यांच्या गणवेशाच्या बाह्या तिनेच आखूड केल्या होत्या.

नसेल इतकं वाईट, ती मनाशी म्हणाली. बारीक अक्षरं कुणालाच दिसत नाहीत. मलाही सुईत दोरा ओवायला आता दोनदा बघावं लागतं.

तोवर चांगलं उजाडलं होतं. ती टेम्पोमागून बाहेर आली आणि सरळ त्याच्या समोर, काचेला पाठ करून उभी राहिली. दोघांमध्ये दहा पावलं. ऊन तिच्या तोंडावर होतं. अंगात त्याचाच जुना निळा स्वेटर होता, घाईत चढवलेला. आता दचकेल, मग चिडेल, मग खोटं काहीतरी सांगेल, आणि मी म्हणेन, चला घरी. ती वाट बघत राहिली.

त्याने डोळ्यावरचा तळवा काढला. मान थोडी पुढे केली, डोळे बारीक केले आणि परक्या बाईशी बोलावं तसा अदबीने म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? तक्ता झाकला जातोय."

ती बाजूला झाली नाही.