उशीखालचा पुडा

आरतीने ट्रॉली घेतलीच नाही. तिला एकच वस्तू हवी होती, आणि ती नेमकी कुठल्या रांगेत असते हे तिला ठाऊक नव्हतं. संगमनेरच्या या सुपरमार्केटात ती दर आठवड्याला यायची, पण तिची वाट ठरलेली. बिनपॉलिशची डाळ, हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, आणि तडक बाहेर.

"ताई, आज उघडल्या उघडल्या?" काउंटरवरची संस्कृती म्हणाली. "बिनकेमिकलचा गूळ आलाय. तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय."

"नंतर नेईन गं."

तेवढ्यात नवऱ्याचा, अजिनाथचा फोन आला.

"अजून तोंड लावलं नाही?" आरतीने आधीच विचारलं.

"न्हाई ना. वरण-भात झाला, पुरणपोळी झाली, शेंगोळी झाली. मामा म्हणत्यात, म्हातारी कुणावर तरी रुसलीय. माणसं ताटकळलीत, लवकर ये."

कुणावर, ते मामांना नसलं तरी आरतीला पक्कं माहीत होतं.

तिच्या सासूबाईंना, साळूबाईंना, शुगर निघाली आणि आरतीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मैदा बंद, साखर बंद, पुड्यातलं सगळं बंद. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या घरात हौसेलासुद्धा पुड्याची मागची बाजू वाचूनच परवानगी मिळायची. शुगर उतरली, हेही खरं. भिशीतल्या बायका आरतीकडे सल्ला मागायला लागल्या. शेवगावकडून येऊन उभा जन्म ऊस तोडलेल्या साळूबाईंचा एकच लाड होता, चहात बुडवलेलं क्रीमचं बिस्किट. तोही गेला.

मग एकदा भिशीच्याच दिवशी त्यांच्या उशीखाली पुडा सापडला. आरतीने तो बैठकीत आणला, मागचा बारीक छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि बिस्किटं कचऱ्याच्या डब्यात ओतली. बायका हसल्या. तीही हसली.

"पोराचं दप्तर तपासावं तशी झडती घेतीस व्हय गं माझी?" साळूबाई एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कधी काही मागितलं नाही.

ते आठवलं की आरतीचे कान तापायचे. भलं करायला गेले, असं ती स्वतःला सांगून बघायची. पण चारचौघींत आईच्या वयाच्या बाईचं हसं केलं होतं, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

बिस्किटांच्या रांगेत तिचा हात सवयीने नाचणीच्या पुड्याकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि क्रीमचा पुडा उचलला.

संस्कृती पुड्याकडे बघतच राहिली. "ताई, हे? पाहुण्यांना का?"

हो म्हणून सुटता आलं असतं. "सासूबाईंना," आरती म्हणाली.

"पण त्यांना तर शुगर..."

"आता चालतं."

तिने स्कूटी नदीकडे दामटली.

घाटावर भावकी उन्हात उभी होती. डोकं भादरलेल्या अजिनाथने तिच्या हातातून पुडा घेतला, फोडला आणि एक बिस्किट पिंडाशेजारी ठेवलं. सगळ्यांदेखत माफी मागायची, असं आरतीने वाटेतच ठरवलं होतं. पण तिने हात जोडायच्या आत कावळा शिवला.