चेहऱ्याची नोंद

पैनगंगेच्या काठी, वडिलांच्या दहाव्याला, न्हाव्याचा वस्तरा डोक्याला टेकणार तोच सुरेंद्रने त्याचा हात धरला.

"डोकं नको. मिशीबी नको."

बेल्याहून आलेल्या भावकीतून त्याचे उत्तमरावकाका उसळले, "बापापेक्षा केस जड झाले का रे तुले?"

हैदराबादच्या विमानतळावर सुरेंद्रने चेहऱ्याची खास नोंदणी करून ठेवली होती. तेव्हापासून रांग नाही, चौकशी नाही. मशीनने चेहरा पाहिला की गेट उघडायचं.

"काका, मशीनले हाच चेहरा माहीत हाय. उद्या त्यानं नाही वळखलं तं मोठ्या लायनीत उभं राहा लागन. दुबईचं विमान चुकन, नोकरीबी जाईन."

"तेरवीलेबी थांबून नाही राह्यला, अन् वरून हे!" काका उठून त्याच्या अंगावरच आले.

"राहू द्या, भाऊजी." इतका वेळ मान खाली घालून बसलेली त्याची आई, मनकर्णाबाई, बोलली. "त्याच्या मनासारखं होऊ द्या."

सुरेंद्रचा जीव भांड्यात पडला. न्हाव्याने वस्तरा मिटला.

मग आईने हळूच विचारलं, "केस काढले तं ते गेट खरंच नाही उघडत, बापू?"

"नाही ना, माय!" आईला पटलं या आनंदात तो जोर देऊन म्हणाला. "मंग कायचं जानं न् कायचं काय!"

मनकर्णाबाईने न्हाव्याकडे पाहिलं.

"फिरव गा वस्तरा," ती म्हणाली. "मिशीबी ठेवू नको."