अठ्ठाविसाव्या मजल्यावरचं लुगडं

"आजी, बाल्कनीबाहेर काही वाळत घालायचं नाही, सोसायटीचा नियम आहे. ते लुगडं आधी काढा," टॉवरचे सेक्रेटरी पाठारे दारातूनच म्हणाले.

चांगुणाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. कठड्याला बांधलेल्या हिरव्या लुगड्याची गाठ त्यांनी आणखी आवळली. "वाळत नाय घातलेलं. खाली बाया उभ्या हायत, त्यांना दिसाया पायजे."

वादळ सरलं तरी कोळीवाड्यातल्या तीन होड्या परतल्या नव्हत्या. त्यांतली एक चांगुणाबाईंच्या धाकट्याची. होडी जिला आधी दिसेल तिने लुगडं उंच धरायचं, ही त्या किनाऱ्याची जुनी रीत. थोरल्याने हौसेने आईला इथे आणलं, तेव्हापासून 'थोरल्याच्या पिंजऱ्यात आभाळाला टांगलंय मला' म्हणून त्या कुरकुरत होत्या. पण आज खालच्या बायकांना नुसतं पाणी दिसत असताना इथून, पार टोकाला, त्यांना पिवळा ठिपका दिसला होता. धाकट्याच्या होडीचा बावटा. आपलंच एक पिवळं लुगडं फाडून त्यांनी तो शिवला होता.

त्यांनी समुद्राकडे बोट केलं, त्या दिशेने पाठाऱ्यांनी डोळे बारीक केले. मग ते पुढे झाले आणि लुगड्याचं फडफडणारं मोकळं टोक त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरलं.

"मागे आणखी दोन आहेत, आजी."

खाली वाळूवर एक पदर उंच झाला, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खा किनारा रंगीत झाला.

चांगुणाबाई कठड्याला रेलल्या. "आमच्या घरातनं समदं आधी दिसतं," त्या म्हणाल्या.