वूटरचा मूक तास

"लाल काठी लपवू का?" दार लोटून घेत स्ताव्रुलाने विचारलं. "एक काठी कमी पडली की गडी सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल."

विर्वे काळ्या पावाच्या तुकड्यांवर मासा लावत होती. पाहुणे यायची वेळ झाली होती. "नको," ती म्हणाली. "उलट सगळ्या काठ्या नीट पुसून ठेव. वूटरचा तास झकास झाला पाहिजे."

"तू बाई आहेस की दगड? गेल्या वर्षी त्या माणसाने तुला तोंड दाबून बुक्क्यांचा मार दिला, आणि तू त्याच्या काठ्या पुसतेस!"

मार विर्वे विसरली नव्हती. आमच्या विल्यांडी गावातली ही छोटी शाळा तिची. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना घडवणारी. युरोपातल्या आणखी काही संस्थांबरोबर ती एका प्रकल्पात होती. स्ताव्रुला त्यातलीच, ग्रीसमधल्या व्होलोसची. प्रकल्पाचं नेतृत्व गेंटच्या मोठ्या संस्थेकडे होतं, म्हणजे वूटर वरहेल्स्टकडे.

हा वूटर एकदा विल्यांडीला आला आणि मागच्या बाकावर बसून त्याने इथला मूक तास पाहिला. त्यात शिक्षक अवाक्षर काढत नाही. रंगीत काठ्या मांडतो, हाताने खुणावतो, आणि भाषा विद्यार्थ्यांच्या तोंडून बाहेर येते. विर्वेची उभी हयात त्यात गेली होती. पुढच्याच वर्षी तो जिकडेतिकडे 'वरहेल्स्ट तास' झाला. विर्वेने तेही गिळलं. विद्या वाटल्याने वाढते, म्हणाली.

पण गेंटची बैठक तिला गिळता आली नाही.

बैठकीचा नियम साधा. ज्याच्या घरी बैठक, तो अध्यक्ष. अध्यक्षाने विषय मांडायचा, कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. वूटर उठला आणि म्हणाला, "पुढच्या टप्प्यातून विल्यांडीची शाळा वगळावी. हरकत आहे कुणाची?"

आमच्याकडे विल्यांडीत मोठा प्रश्न विचारला की माणूस लगेच तोंड उघडत नाही. मान खाली घालतो, तोलतो, मग बोलतो. फटकन उत्तर देणारा उथळ समजला जातो. विर्वेने मान खाली घातली, आणि तेवढ्यात वूटर म्हणाला, "मंजूर!"

"मी बोलणार होते," विर्वे म्हणाली.

"अहो, मग बोलायचं होतं ना! गप्प बसणाऱ्याची संमतीच धरतात."

सभागृहात हशा पिकला. पुढचा टप्पा हातचा गेला तर शाळेला कुलूप लागणार, असं मंत्रालयाने स्पष्टच कळवलं होतं. सगळा हिवाळा विर्वे आतल्या आत जळत राहिली. आजची बैठक त्या टप्प्याआधीची शेवटची, आणि ती विल्यांडीत होती.

वूटर आला तो नाक मुरडतच. "काय विर्वेबाई, अजून मासळीचा वास तोच!"

"शाळा छोटी, खिडक्या छोट्या. घ्या ना, चाखून तरी बघा."

"ते राहू द्या. माझ्या तासाला वेळ किती दिलाय?"

"तुम्ही म्हणाल तितका."

"मग शेवटपर्यंत हवा. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या ब्रसेल्सच्या बाई खास त्यासाठी आल्यात. बाकीचे किरकोळ विषय कसेही उरका."

"घ्या की शेवटपर्यंत. घंटा मी वाजवेन. फक्त तो नियम पाहुण्यांना आधी सांगा. शिक्षक बोलला की तास फसला."

"माझाच तास मला शिकवता?" वूटर हसला.

"छे, माझी काय बिशाद."

स्ताव्रुलाने तिला बाजूला ओढलं. "आपल्याच जखमेवर मीठ चोळून घेतेस!"

"बाकीच्यांशी बोललीस?"

"बोलले. सगळे विटलेत त्याला. पण त्याच्या तोंडाला लागणार कोण?"

"कुणीच लागायचं नाही," विर्वे म्हणाली. "सगळ्यांनी आपापल्या जागी गप्प बसायचं. तेवढंच कर माझ्यासाठी."

स्ताव्रुलाने कपाळावर हात मारला, पण गेली.

वूटरने ब्रसेल्सच्या बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "घंटा होईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तरी माझी पद्धत खोटी समजा!" मग त्याने काठ्या उचलल्या. सगळ्या संस्थांची माणसं विद्यार्थी होऊन बसली होती.

खरं सांगायचं तर तास देखणा झाला. मेल्याने चोरी केली होती, पण चोख केली होती. ज्यांना वूटरच्या फ्लेमिश भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं, ते घर, दार, खिडकी म्हणत वाक्यं जुळवू लागले. ब्रसेल्सच्या बाई कौतुकाने खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या. बाहेर पाहुण्यांच्या बसने हॉर्न दिला.

विर्वे उठून उभी राहिली. समोर टेबलावर शाळेची पितळी घंटा होती. तिला तिने हात लावला नाही.

"तास चालू द्या, इतका रंगलाय की मोडवत नाही," ती म्हणाली. "पण बस निघायच्या आत अध्यक्ष म्हणून शेवटचा विषय मांडायला हवा. पुढच्या टप्प्यात विल्यांडीची शाळा राहावी, नेतृत्वही तिच्याकडे यावं, आणि गेंटची संस्था वगळावी. हरकत आहे कुणाची?"

लाल काठी वूटरच्या हातात तशीच राहिली. त्याचं तोंड उघडलं. ब्रसेल्सच्या बाईंनी चटकन त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलं. बाकावरून कुणी हूं की चूं केलं नाही.

विर्वेने मान खाली घातली आणि आमच्या रीतीप्रमाणे भरपूर वाट पाहिली.

"मंजूर," ती म्हणाली, आणि मग तिने घंटा वाजवली.