पहिल्या पानावर

द्वारकाजींनी पत्र उलगडलं, कानामागचं काळं पेन काढलं आणि माधवीला खुर्ची पुढे केली.

हिंदी मुलखातल्या त्या तुरुंगातली पत्रं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. चार महिन्यांपूर्वी तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा ते चक्रावले होते. अक्षरं ओळखीची, भाषा भलतीच. हिंदीत लिहा, म्हणाले. "नवऱ्याशी मी हिंदीत कधी भांडले नाही, आता कुठून जमणार?" असं तिने विचारलं. तेव्हापासून दर गुरुवारी ती समोर बसून अर्थ सांगायची आणि ते एकेक ओळ पास करायचे. आता तिचं मराठी बोलणंही त्यांना बरंचसं कळायचं.

तिचा नवरा अनिरुद्ध एका छोट्या साप्ताहिकाचा संपादक. रासुकाखाली, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली, आत होता. खटला नव्हता. खटला म्हटला की पुरावे आले, तारखा आल्या, वकील आले; माणूस पुढे काहीतरी करील एवढ्या संशयावर आत ठेवायचं तर ही दगदग नसते. एका वस्तीच्या नळांना गटाराचं पाणी येतं ही बातमी छापायच्या आदल्या दिवशी त्याला उचललं. चष्म्याशिवाय ज्याला ताटातलं मीठ दिसत नाही, त्याच्यापासून म्हणे देशाला धोका होता.

तो चष्माही पंधरवड्यापूर्वी त्याच्याच बुडाखाली येऊन फुटला. माधवीने आज नवा आणला होता.

"वेंधळा, मतलब?" द्वारकाजींनी ओळीवर बोट ठेवलं.

"जो स्वतःच्या चष्म्यावर बसतो, तो."

"एक हमारे घर में भी है." ते हसले. वेंधळा पास झाला. कढीपत्त्याला फुटलेली पालवी पास झाली. लेकीचे, कादंबरीचे, गणितातले गुण 'बापावर गेलीय' या शेऱ्यासकट पास झाले. 'डोळे जप' ही ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, ळ अगदी स्वच्छ. "ये ळ हमारे गाँव में भी है, मॅडमजी. शहरवालों को नहीं आता."

मग ते शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले.

'तुझी बातमी छापून आली. सगळी. पहिल्या पानावर.'

तिचा अर्थ त्यांनी विचारला नाही. अनिरुद्धचं मागचं पत्र त्यांनीच तपासलं होतं. वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत त्याने लिहिलं होतं : माझ्या बातमीचं काय झालं? ती मेली असेल तर मी इथे कशासाठी बसलोय? ते पत्र बाहेर आलं. प्रश्नाला नियमाची आडकाठी नव्हती, ती उत्तराला होती.

"बाहर की ख़बर अंदर नहीं जा सकती," ते हळूच म्हणाले. "आपको पता है."

"माहीत आहे. पण चार महिने तो एवढं एकच विचारतोय, द्वारकाजी."

त्यांनी ओळ काळी केली. वरून आणखी एक हात फिरवला. माणूस कामाला चोख. कागद खिडकीकडे धरून पाहिला, पलीकडून काही दिसत नव्हतं. या टेबलापुढे रडायचं नाही असं माधवीने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आज ते मोडलं. रागही आला होता, पण कोणावर काढायचा ते कळेना.

द्वारकाजींनी शिक्का मारला आणि नव्या चष्म्याची डबी खणात ठेवली.

"इस पर डॉक्टरसाहब की सही लगेगी. अगले गुरुवार मिलेगा."

"मग तोवर हे पत्र तो वाचणार कसं?"

"पढ़कर मैं सुनाता हूँ ना. पिछला भी मैंने ही सुनाया था."

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. काळ्या झालेल्या ओळीवर बोट ठेवून, शाळेत कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे ते सावकाश म्हणाले, "तुझी बातमी छापून आली. सगळी. पहिल्या पानावर." आणि मग, "ठीक बोला?"

माधवीने पदराने डोळे पुसले.

"दोनदा म्हणा," ती म्हणाली. "एकदा सांगून त्याला काही कळत नाही."